आजीबाईंना लिहिलेली पत्रे : पंडिता रमाबाई, नियम आणि कृपा

इंग्लंडच्या मुक्कामात पंडिता रमाबाईंनी अंडे घातलेले पुडिंग खाल्ले नाही. बाप्तिस्मा झाला होता, येशूचे नाव घेतले होते, तरी मांस नाही, मासे नाहीत, अंडेही नाही. त्यांच्या धर्ममाता, वाँटेजच्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन, यांना यात जातीचा जुना अहंकार दिसला आणि त्यांनी तसे लिहून कळवले. रमाबाईंचे उत्तर शिल्लक आहे. माझा गर्व तुम्हाला दूधलोण्यात आणि पुडिंगात शोधायचा असेल तर खुशाल शोधा, तुम्ही ज्याला जातीचा पूर्वग्रह म्हणता तो माझ्यातून पुरता गेलेला नाही हे मला कबूल आहे, असा त्याचा आशय. पुढे त्या विचारतात की एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये राहायला गेली आणि कोणाला अपाय न करणाऱ्या आपल्या सवयी तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला रुचेल काय?

हे भांडण क्षुल्लक वाटेल, पण ख्रिस्ती मंडळीत नियम आणि कृपा यांचा सुरुवातीचा एक मोठा खटका उडाला तोही जेवणाच्या पंक्तीतच. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ती हकिगत आहे. अंत्युखियात पेत्र यहुदीतर विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची काही माणसे आली तसा तो भिऊन वेगळा बसू लागला. पौलाने त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेद म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. पौलाचे म्हणणे एवढेच होते की माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो नियमशास्त्र पाळल्यामुळे ठरत असेल, तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ गेले. अंत्युखियात जुना नियम पाळणारा ताटावरून उठला होता. रमाबाईंच्या बाबतीत नवा नियम ताटावर बसला होता आणि तो त्यांना सांगत होता की हे खा, म्हणजे तू खरी आमची झालीस. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने केवळ शाकभाजी खाणाऱ्याचा उल्लेख केला आहे आणि सर्व काही खाणाऱ्याने त्याला तुच्छ लेखू नये असे बजावले आहे. धर्ममातेच्या हाताशी तो अध्याय होता. तिकडे तिचे लक्ष गेले नाही, याचे मला वाईट वाटते.

आता साधनांविषयी. रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाचा हा भाग जुळवायला मुख्यतः दोन प्रकारचे कागद आहेत. पहिला प्रकार म्हणजे त्यांचा वाँटेजच्या सिस्टरांशी, चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजातल्या डोरोथिया बील यांच्याशी आणि इतरांशी झालेला इंग्रजी पत्रव्यवहार. तो सिस्टर जेराल्डिन यांनी जमवला, त्याला आपली टिपणे जोडली, आणि अ. भि. शहा यांनी संपादित केल्यावर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली तो छापला. म्हणजे संग्राहिका स्वतः वादातली एक बाजू आहे. कोणते पत्र कोठे ठेवायचे आणि त्यावर काय शेरा द्यायचा हे तिच्या हाती होते, हे विसरून ही पत्रे वाचता येत नाहीत. दुसरा कागद म्हणजे १९०७ साली रमाबाईंनी लिहिलेली साक्ष, ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’. पत्रे त्या त्या दिवसाच्या तापात लिहिलेली आहेत, साक्ष वीस-बावीस वर्षांनंतरची आहे. तिच्यात बाईंना आपला सगळा प्रवास एका टोकाकडे जाताना दिसतो. पत्रांत ते टोक अजून कोणाच्या नजरेत आलेले नाही. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचायला हवीत. त्यांना जोडून १८९७ सालचे दुष्काळाच्या अनुभवांचे लेखन आहे.

नियम कसा पाळायचा हे रमाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सारे कुटुंब तीर्थामागून तीर्थे करीत हिंडे, पुराणे सांगे, व्रते करी, आणि मिळालेल्यातून ब्राह्मणांना दान देई. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळाने या कुटुंबाला गाठले तेव्हा त्यांनी शास्त्रात सांगितलेला एकही उपाय बाकी ठेवला नाही. जवळचे द्रव्य दानधर्मात गेले, उपास झाले, जप झाले, मूर्तींपुढे बसणे झाले. भीक मागायला आणि अंगमेहनतीचे काम करायला कुलाभिमान आड येत होता. आधी वडील गेले, पाठोपाठ आई. आईच्या तिरडीला खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या जागी स्वतः रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी आपला भाग डोक्यावर घेतला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि त्यात आक्रोश नाही. मला हा मजकूर फार महत्त्वाचा वाटतो. पुढे वाँटेजमध्ये त्यांना आज्ञापालनाचे धडे दिले जात होते, तेव्हा देणाऱ्यांना ठाऊक नव्हते की ही मुलगी आज्ञापालनाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाऊन आलेली आहे आणि तिथे काय हाती लागते ते तिने पाहिले आहे.

भावाबहिणीने नंतर पायी देश पालथा घातला आणि १८७८ साली दोघे कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे त्यांच्या धर्माविषयी बोलायचे म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे वाचायला घेतली. साक्षीत त्या सांगतात की त्या ग्रंथांचे एकमेकांशी पटत नव्हते, पण दोन गोष्टींवर सगळ्यांचे एकमत होते : स्त्रीजात मुळात वाईट, आणि पुरुषासारखा मोक्ष तिला नाही. सर्व नियम पाळूनही जिच्यासाठी दार बंदच आहे ती नियम कशासाठी पाळील? श्रद्धा उडाली ती इथे. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. आसामात सिल्चरला असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती. पुण्याला आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि ‘स्त्रीधर्मनीति’ छापली. त्याच दिवसांत फादर नेहेम्या गोरे यांच्याशी त्यांचा परिचय झाला. गोरे म्हणजे काशीत वाढलेले आणि १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले नीलकंठशास्त्री. रमाबाईंची बुद्धी पटवली ती प्रामुख्याने गोऱ्यांच्या पत्रांनी, असे त्यांनीच म्हटले आहे. बुद्धी पटली होती, एवढे इथे ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

१८८३ मध्ये मनोरमाला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन रमाबाई वाँटेजला गेल्या. विल्यम बटलर यांनी १८४८ मध्ये स्थापलेल्या सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाचे ते मूळ ठाणे. संघाच्या सिस्टर पुण्यात काम करीत होत्या, त्यामुळे ओळख आधीची. तिकडे जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचे आणि त्या बदल्यात राहायचे, असा व्यवहार ठरला होता. शिकायचे होते वैद्यक, पण कानांनी दगा दिला आणि ते राहिले. या वर्षातली एक घटना डोळ्यांआड करता येत नाही. आनंदीबाईंनी वाँटेजमध्येच आत्महत्या केली. आपल्यावर धर्मांतराची सक्ती होईल या भीतीने त्यांच्या मनाचा तोल गेला होता, असे मॅक्स म्युलर यांनी आपल्या भारतीय मित्रांच्या आठवणींत नोंदवले आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

एवढा धक्का बसल्यावरही हे पाऊल का उचलले, याचे उत्तर साक्षीत मिळते. सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेले होते. तिथे समाजाने टाकलेल्या बायकांसाठी आश्रम होता. ज्या बायकांची सावलीही घरंदाज माणूस टाळतो, त्यांच्यातल्याच काही आता दुसऱ्या दुःखितांची सेवा करीत होत्या. हिंदू धर्मशास्त्रात अशा बाईला काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना पाठ होते. हे लोक यांची काळजी का करतात, असे त्यांनी विचारले. एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय, म्हणजे विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट, वाचून दाखवला. येशू पाप्यांचा तिटकारा करीत नाही, त्यांना तारायला येतो, हे त्यांनी तिथे ऐकले. म्हणजे कृपा त्यांना प्रथम दिसली ती माणसांच्या वागण्यात, आणि ती दाखवली वाँटेजच्या सिस्टरांनीच. नियमाच्या बाजूने पुढे जो आग्रह झाला तोही याच घरातून झाला. या कागदांतली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट ती हीच. एका बाजूला दुष्ट आणि दुसऱ्या बाजूला सुष्ट अशी वाटणी इथे होत नाही.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. पत्रे खरी रंगतात ती इथून. जेराल्डिन यांना त्या मराठीत ‘आजीबाई’ म्हणत आणि इंग्रजी पत्राच्या मायन्यातही तेच संबोधन घालीत. वाद कितीही चढला तरी मायना बदलत नाही. एका पत्रात विषय आहे क्रूसावर कोरलेल्या लॅटिन शब्दांचा. रमाबाईंना क्रूस हवा होता, पण शब्द संस्कृतात का नसावेत असे त्यांनी विचारले. इंग्रजांना लॅटिनविषयी जे वाटते तेच आम्हाला संस्कृतविषयी वाटते, आणि न कळणाऱ्या भाषेत काही लिहिले की आमच्या लोकांना त्यात काहीतरी गूढ दडले आहे असे वाटू लागेल, हे त्यांचे कारण होते. यात हट्ट होता, नाही असे नाही. पण न कळणाऱ्या अक्षरांचे पावित्र्य पुरोहिताच्या हाती काय सत्ता देते, हे पुराणिकाच्या मुलीने जवळून पाहिले होते.

मग आला शिकवण्याचा प्रश्न. रमाबाईंनी तरुण मुलांनाही शिकवावे असा विचार पुढे येताच मुंबईचे बिशप मिल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांनी इंग्लंडला हरकत कळवली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे भारतात निंद्य ठरेल, तिचा प्रभाव कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंना याचे नवल वाटले. माझ्या आईने किंवा मी मुलांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्याने घेतली नाही, आणि आता हे लोक घेतात, असे त्यांनी लिहिले. हिंदू रूढीचे नाव पुढे करून ख्रिस्ती बिशपांनी नियम घालावा आणि हिंदू शास्त्र्याच्या मुलीने तो नाकारावा, हा प्रसंग नीट वाचला म्हणजे नियमवादाचा स्वभाव कळतो. तो आधार कुठूनही घेतो. आज शास्त्रातून, उद्या लोकापवादातून.

या सर्वांच्या मुळाशी सिद्धान्ताचा वाद होता. त्रित्व आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी चर्चने ठरवलेली सूत्रे रमाबाईंना जशीच्या तशी मान्य करवत नव्हती. जेराल्डिन यांची बाजू इथे न्यायाने मांडली पाहिजे. बाप्तिस्मा घेताना माणूस मंडळीचा विश्वास स्वीकारतो. पुढे त्यातले हे घेईन, ते टाकीन, अशी निवड करणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, स्वैरपणा आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. सूत्र सुटले की येशू हा केवळ एक थोर गुरू उरेल आणि रमाबाई ब्राह्म समाजासारख्या एखाद्या मताकडे परत वाहत जातील, ही त्यांची भीती होती. ती निराधार म्हणता येणार नाही. डोरोथिया बील यांनी त्याच शंकांशी वेगळ्या रीतीने व्यवहार केला. त्यांनी रमाबाईंशी लांबलचक पत्रांतून युक्तिवाद केला आणि वाट पाहिली.

१२ मे १८८५ चे पत्र या वादाचा कळस आहे. भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मी नुकतीच मान सोडवून घेतली आहे, तेव्हा पुरोहितांकडून येईल ते सर्व परमेश्वराची आज्ञा समजून तसल्याच दुसऱ्या जोखडात ती घालायला मी तयार नाही, असे रमाबाईंनी त्यात सांगितले. मला विवेक आहे, बुद्धी आहे, मला स्वतः विचार करू द्या. देवाच्या वचनाचे आज्ञापालन वेगळे आणि धर्मगुरूंचे निमूट आज्ञापालन वेगळे. त्या काळातल्या पत्रांत आणखी एक मुद्दा येतो, आणि तो काळजाला भिडतो. सर्वस्वी परका धर्म स्वतः निवडण्याच्या अनुभवातून तुम्ही कधी गेलेला नाही, म्हणून तुम्ही कितीही शहाण्या असलात तरी माझ्या मनात शिरू शकणार नाही, असे त्यांनी आजीबाईंना कळवले. जोखड हा शब्द पौलानेही गलतीकरांना वापरला होता, नियमशास्त्राविषयीच. चर्चच्या इतिहासात शिकलेल्या पुरुषांनी या विषयावर खंडच्या खंड लिहिले आहेत. एका सत्तावीस वर्षांच्या विधवेने, परभाषेत, परक्यांच्या आश्रयाला असताना, ज्यांच्या आधाराने पोट आणि शिक्षण चालले होते त्यांनाच हे लिहिले. त्यापुढे मला बाकीचे खंड फिके वाटतात.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. रमाबाईंच्या आजच्या चाहत्यांना ती बहुधा रुचणार नाही. १८८५ ची ही पत्रे स्वातंत्र्याची आहेत, कृपेची अजून नाहीत. त्यांत विवेक आहे, स्वाभिमान आहे, वचनाची निष्ठा आहे. पापाचे ओझे उतरल्याची शांती त्यांत नाही. जोखड नाकारणे ही एक गोष्ट आणि ओझे हलके होणे ही दुसरी. आपण रमाबाईंचे चरित्र वाचतो ते पहिल्या गोष्टीपाशी थांबून. बंडखोर बाई आपल्याला पुरेशी असते. रमाबाईंना स्वतःला ती पुरली नाही, आणि हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

१८८६ च्या फेब्रुवारीत त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला ११ मार्चला फिलाडेल्फियात हजर होत्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ प्रसिद्ध झाले, बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली, आणि त्या पदवीदानानंतर बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. नोव्हेंबर १८९० मध्ये ते पुण्याला आले. आदल्याच महिन्यात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये तो प्रसिद्ध चहा झाला होता. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. पाहुण्यांची नावे गोपाळराव जोशी यांनी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली, ग्रामण्य माजले, आणि चहाच्या पेल्याचे प्रायश्चित्त काय यावर पुण्यातल्या विद्वानांचा पुढे दीड-दोन वर्षे खल चालला. हे मिशन वाँटेजच्या सिस्टरांचे पुण्यातले कार्यक्षेत्र होते. एका धर्माच्या घरात अंडे न खाल्ल्याचा दोष आणि दुसऱ्या धर्माच्या घरात चहा प्यायल्याचा, हे दोन्ही रमाबाईंच्या भोवती सहा-सात वर्षांच्या आत घडले.

याच पुण्यात, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचे १८८० साली छापलेले ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ हे पुस्तक आले. हॅस्लम हे कॉर्नवॉलमधल्या बाल्डू या गावचे पाळक. पंथाने उच्च-चर्चवाले, म्हणजे ज्या चळवळीतून वाँटेजचा संघ निघाला तिच्यातलेच. विधी, संस्कार, चर्चचा अधिकार यांवर त्यांची सारी भिस्त होती, आणि सगळे यथासांग करूनही अंतरंग कोरडे होते. १८५१ च्या ऑक्टोबरात स्वतःच्याच व्यासपीठावर स्वतःचाच उपदेश चालू असताना त्यांना येशूची ओळख पटली आणि समोरच्या एका माणसाने पाळकांचे परिवर्तन झाले म्हणून आरोळी ठोकली, अशी त्यांची हकिगत आहे. रमाबाईंना या पुस्तकात आपलेच चित्र दिसले. मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, तो चांगलाही होता, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो मला मिळालेला नव्हता, असे त्या साक्षीत सांगतात. बाप्तिस्म्याने नवा जन्म होतो हे शिकवलेले खरे मानून त्या चालल्या होत्या. विश्वासाने नीतिमान ठरणे म्हणजे काय ते त्यांच्या ध्यानात आले नव्हते. तारण हे पुढे कधीतरी कमावायचे नसून आज, आहे त्या स्थितीत, फुकट मिळते, हे कळले तेव्हा आनंद झाला, अशी त्यांची नोंद आहे.

ही नोंद १९०७ ची. १९०५ मध्ये रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात मोठे धार्मिक जागरण झाले होते आणि त्याचा प्रकाश मागल्या वर्षांवर पडलेला असणार. १८८३ ते १८९१ हा काळ रमाबाई रंगवतात तितका कोरडा होता का? पत्रे पाहता मला तसे वाटत नाही. फुलहॅमला जे दिसले ते विसरण्यासारखे नव्हते, आणि वचनाची ओढ तर पत्रापत्रांत आहे. पण साक्षीतला मुख्य दावा पत्रांशी विसंगत नाही, उलट पत्रे त्याला दुजोरा देतात. १८८५ च्या पत्रांत सिद्धान्त आहे, अधिकार आहे, आज्ञापालन आहे. क्षमा हा विषय दोघींच्याही लेखणीवर क्वचितच येतो. जेराल्डिन यांना शिष्येने नमावे असे वाटत होते, शिष्येला न नमता सत्य पाहायचे होते, आणि ज्याच्यापुढे दोघींनाही हात पसरून उभे राहायचे होते तो या वादात मागे पडला. साक्षीतल्या शब्दांवर विश्वास ठेवायला मला हे कारण पुरेसे वाटते.

१८९१ नंतर शारदा सदनातले वातावरण बदलले. धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती, पण रमाबाई मनोरमेबरोबर प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. पालकांत कुजबूज सुरू झाली, ‘केसरी’ने टीका केली, आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागारांनी राजीनामे दिले. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर पालकांनी विधवा मुली धाडल्या होत्या. त्यामुळे सल्लागारांची अडचण खरी होती, आणि त्यांना केवळ कर्मठ म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. रमाबाईंनी दार बंद केले नाही एवढे खरे.

पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. केडगावची जमीन, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, १९०० मध्ये गुजरातेतून आणलेल्या आणखी, विहिरी, छापखाना, माग, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर. रमाबाई कोणत्याही एका पंथाच्या छत्राखाली गेल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. जेराल्डिन यांच्या दृष्टीने धर्मकन्या हातची गेलीच होती. तरी त्यांनी तिची पत्रे जपून ठेवली, नकलून घेतली, आणि ज्या पत्रांत स्वतःची कानउघाडणी आहे तीही गाळली नाहीत. १२ मे १८८५ चे पत्र आज आपल्याला वाचता येते ते त्यांच्यामुळे.

केडगावात मुक्ती सदनाच्या आवारात रमाबाईंनी एक वेगळे घर बांधले. ज्यांची अब्रू गेली म्हणून घरादाराने टाकले होते, ज्यांना बाजारात विकले होते, अशा बायकांसाठी ते होते. फुलहॅमला जे पाहिले होते तेच काम. बायबलच्या मराठीत नियमशास्त्राच्या समोर जो शब्द उभा राहतो, तोच शब्द त्यांनी त्या घराच्या नावाला घेतला. त्या घराचे नाव कृपा सदन.